डाव्या पाकळीवरचा अंगठा

बाबा, परवा माझ्या दंडावर एक बिल्ला चिकटवलाय. जुन्या रुपयाएवढा, पांढरा, आतल्या बाजूला केसासारखी बारीक तार. ती तार कातडीत जाऊन बसते, आणि साखर किती ते थोड्या थोड्या वेळाने माझ्या फोनवर उमटतं. माझ्या फोनवरून पुण्याला मुलाच्या फोनवर. खरं म्हणजे ती रक्तातली साखर नव्हेच, कातडीखालच्या पाण्यातली. पण तो घोळ तुम्हाला सांगत बसत नाही. मी साखर तपासण्यात उभा जन्म घालवलेली बाई, आणि परवापासून मला काही सुचत नाहीये. भाकरी थापताना बघते, दिवा लावताना बघते, शेजारीण बोलत असते आणि माझी नजर फोनकडे. आकडा चढला की धसका, उतरला की संशय. काल दुपारी पुण्याहून फोन आला, "आई, काय खाल्लंस?" म्हटलं, "नुसती सोलकढी प्यायले." तर म्हणतो, "सोलकढीने एवढी नाही चढत." घावणे खाल्ले होते, तेही नारळाच्या रसात बुडवून, ते मी सांगितलं नाही. मग मला अशी चीड आली की काय सांगू. माझ्या अंगात काय चाललंय ते मला विचारल्याशिवाय लांबच्या माणसाला कळतं, ही काय रीत झाली? आणि त्या चिडीतच तुम्ही आठवलात. तुम्हाला तर तुमचं रक्त तपासायला देवाची परवानगी लागली होती.

तेव्हापासून बसले आहे लिहायला. मध्ये उठले, कपडे वाळत घातले, परत बसले. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, एका जाग्यार बस गो. नाही बसवत, बाबा. एक गोष्ट तुम्हाला विचारायची राहिली आणि ती आता परत टोचायला लागलीय.

आपलं घर देवळाच्या मागच्या अंगाला. सकाळी उठलं की आधी घंटेचा आवाज, मग आईच्या चुलीचा धूर. तुम्ही गुरव, तुमचे वडीलही गुरव. पूजा तुमची, नगारा तुमचा, आणि कौल लावायचा मान तुमचा. मुंबईतल्या लोकांना हे समजावून सांगताना माझी जीभ दुखली आहे: फुलाच्या दोन पाकळ्या पाण्यात बुडवायच्या, देवाच्या पाषाणावर एक उजवीकडे आणि एक डावीकडे चिकटवायची, गाऱ्हाणं घालायचं आणि वाट बघायची. उजवी आधी पडली तर देव हो म्हणतो, डावी पडली तर नाही. विहीर खोदू का, मुलगी देऊ का, खटला लढवू का, सगळं तिथे विचारायचं. आठवीत असताना मी एकदा शाळेतलं ज्ञान पाजळलं, की पाणी सुकलं की पाकळी पडते, त्यात देव कशाला. तुम्ही जेवत होतात. हातातला घास तसाच ठेवलात. मारलं नाहीत, आवाजही चढवला नाहीत. "सुकतला तर दोनय सुकतली," म्हणालात. "आधी खंयची पडाची ता पाण्याक ठावक नसता. आणि माझो हात नुसतो चिकटवचो धनी. तेच्या फुडे माझो हात नाय." मग त्या दिवशी तुम्ही ताटावरून उठलात. आईने मला धपाटा घातला तो वेगळा.

आणि ते खरंही होतं. वाडीतल्या एका बड्या माणसाला भावाशी जमिनीचा वाद देवाकडून आपल्या बाजूने सोडवून हवा होता. तो आदल्या संध्याकाळी समई घेऊन आला, पितळेची, पुरुषभर उंच. तुम्ही ती ओट्यावर ठेवूसुद्धा दिली नाहीत. दुसऱ्या दिवशी त्याला डावा कौल पडला. तो तुमच्याशी पुढे आयुष्यभर बोलला नाही, आणि तुम्हाला त्याचं काही वाटलं नाही. तुमचा सगळा अभिमान त्या दोन बोटांत होता, ज्यांनी पाकळी चिकटवायची आणि बाजूला व्हायचं.

मला कोल्हापूरला मामाकडे ठेवून लॅबचा कोर्स करू द्यायचा की नाही, हेही तुम्ही देवाला विचारलंत. उजवा पडला. मी शिकून आले तेव्हा आपला जिल्हा नुकताच वेगळा झालेला, आणि मालवणच्या बाजारात एका डॉक्टरांनी दवाखान्याच्या मागच्या खोलीत तपासणीची सोय केली होती. त्यांनी मुंबईहून एक यंत्र आणलं होतं. आता ते कुठल्या संग्रहालयात ठेवतील. भाताच्या डब्याएवढं, वर काचेची नळी घालायला भोक, समोर काटा. रक्तात औषध घालून नळी उकळत्या पाण्यात ठेवायची. साखर असेल तसा हिरवा रंग चढतो, साखर जास्त तर रंग गडद, आणि किती गडद ते काटा सांगतो. त्या औषधाचा वास असा की घरी येईपर्यंत पदराला यायचा, आई म्हणायची, तू आधी न्हाणीघरात जा. तुम्ही मात्र फार चौकशा केल्यात. नळ्या कशात ठेवता, किती भोकांचं असतं ते, लाकडाचं चालेल का. आणि पुढच्या वेळी सावंतवाडीला गेलात तेव्हा लाकडी खेळणी करणाऱ्या एका ओळखीच्या चिताऱ्याकडून माझ्यासाठी नळ्यांचा स्टँड करून आणलात. लाकडाचा, वर लाखेचा लाल आणि पिवळा रंग, कडेने वेलबुट्टी. भोकं जरा मोठी झाली होती, नळ्या त्यात कलंडायच्या. डॉक्टर हसले. मी तो टेबलावरून हलवू दिला नाही.

मग तुम्ही वाळायला लागलात. आधी मला वाटलं चैत्रातल्या कामाने. सदऱ्याची गळपट्टी सैल झाली, गालफडं बसली. पाणी तर इतकं पीत होतात की आई घागर दोनदा भरायची. तिनेच मला मागीलदारी नेऊन सांगितलं, हळू आवाजात, जसं काही तुमची चोरी सांगतेय. "मुंग्यो लागतत गो थंय," म्हणाली, तुम्ही पहाटे लघवीला बसायचात त्या जागेकडे बोट करून. मला पुढे काही ऐकायची गरजच नव्हती. मी लघवी तपासायला दवाखान्यातून बाटली आणली, तर तुम्ही ती आईकडे दिलीत आणि तिने त्यात खोबरेल भरून ठेवलं.

त्याहून वाईट म्हणजे तुमचा पाय. डाव्या पायाच्या अंगठ्याशेजारचं बोट. काटा लागला म्हणालात, मग ठेच लागली म्हणालात, आणि त्यावर हळद चेपून वर केळीच्या सोपाची, खोडाच्या सालाची, पट्टी बांधून तुम्ही सोवळं नेसून निघायचात, सोवळ्याचा काठ इतका खाली सोडलेला की पाऊल दिसू नये. का लपवत होतात ते मला ठाऊक होतं. अंगावर वाहती जखम घेऊन गाभाऱ्यात जायचं नाही. रक्त आलं की विटाळ. तुम्हाला मुलगा नव्हता. तुम्ही चार दिवस घरी बसलात तर पूजा काकांच्या मुलाकडे जाणार, आणि एकदा गेलेली पूजा परत येईल याची खात्री नाही. मला हे सगळं कळत होतं आणि तरीही तुमचा राग येत होता. दवाखान्यात मी अशी पावलं बघत होते. गुडघ्यापर्यंत काळे पडलेले पाय बैलगाडीतून यायचे, आणि डॉक्टर बाहेर येऊन नातेवाईकांना म्हणायचे, "आधी का नाही आणलंत?" मला ते वाक्य पाठ झालं होतं. ते कोणी मला म्हणावं अशी माझी इच्छा नव्हती.

एका सकाळी चुलीपाशीच आपलं वाजलं. तुम्ही पेज जेवत होतात. मी सुई घेऊनच आले होते, पिशवीत, स्पिरिटचा बोळा वगैरे सगळं. म्हटलं, इथेच काढते, कोणाला कळणार नाही. तुम्ही पेजेतून मान वर न काढता म्हणालात, "देवाक इचारलंय. देव नाय म्हणता." मी विचारलं, कधी विचारलंत? "विचारलंय." कोणासमोर?  आई चुलीत फुंकर घालत राहिली, लाकडं चांगली पेटलेली असताना. मी नको ते बोलले. म्हटलं, देव नाही म्हणत, तुम्ही नाही म्हणताय, तुम्हाला भीती वाटते. तुम्ही पेजेची वाटी पालथी घातलीत आणि उठलात, आणि उठताना पाय टेकला तेव्हा तुमचा चेहरा बघितला मी. बाबा, तो चेहरा बघितल्यावर माझ्यातला राग गेला आणि नुसती भीती राहिली.

त्यानंतरचा आठवडा मी कसा काढला ते माझं मला माहीत. दवाखान्यात नळ्या फोडल्या. डॉक्टरांना सांगितलं तर ते म्हणाले, "त्यांना इकडे कसंही करून घेऊन ये. पाय वाचवायचा की जीव, एवढाच प्रश्न उरेल नंतर." कसंही करून म्हणजे कसं? दांडगाई करून तुमचं रक्त काढलं असतं तर तुम्ही औषध घेतलं नसतंत. रडून बघितलं, बोलणं टाकून बघितलं. तुम्ही देवाच्या मागे जाऊन बसला होतात आणि तिथून तुम्हाला ओढून काढणं माझ्या बापाने मला शिकवलं नव्हतं. एसटीतून घरी येताना खिडकीतून बघत होते, आणि एकदम लक्षात आलं की मी वाट चुकतेय. तुम्ही देवाला तुमचा प्रश्न विचारला होतात. माझा कुठे विचारला होता?

सोमवारी सकाळी मी न्हाऊन, नारळ आणि फुलं घेऊन, घराच्या मागच्या दाराने न येता वळसा घालून देवळाच्या पुढच्या पायऱ्यांनी आले, बाहेरगावची बाई यावी तशी. आईला सांगितलं होतं, ती सभामंडपाच्या खांबाशी उभी होती, पदर दातात धरून. तुम्ही गाभाऱ्याच्या उंबऱ्यात होतात. मला बघून म्हणालात, "घराकडे बोललंस तां पुरेसा झाला नाय?" म्हटलं, "घराकडे बापाशीक सांगलंय. हय गुरवाक सांगतंय. माका कौल होयो."

तुम्ही नाही म्हणू शकत नव्हतात. दारात आलेल्याला कौल नाकारायचा नाही, मग तो वैरी असो. तुम्ही माझ्या हातातला नारळ घेतलात. "काय गाऱ्हाणा तां सांग," म्हणालात, आणि तुमचा आवाज त्या वेळी बापाचा नव्हता. मी सांगितलं, माझ्या बापाचं रक्त तपासायचं आहे, देवाचा हुकूम हवा. तुम्ही आत वळलात. पाण्यात पाकळ्या बुडवल्यात. आणि मग तुम्ही गाऱ्हाणं घातलंत, ते माझ्या कानात अजून आहे. "बा देवा म्हाराजा, आज ह्या जा लेकरू तुज्या दारात उभा ऱ्हवला हा, तेच्या मनात बापाशीची काळजी आसा म्हाराजा. तेच्या बापाशीचा रगात तपासूचा काय नको, तां तूच काय तां सांग म्हाराजा." एरवी चार माणसं तरी असतात हो म्हणायला. त्या दिवशी फक्त आई होती. खांबाशी उभी राहून ती म्हणाली, "व्हय म्हाराजा." बायकांनी म्हणायची रीत नाही. तुम्ही तिला काही बोलला नाहीत.

मी बाहेरून बघतेय. समईचा उजेड, काळा पाषाण, त्यावर तुमचा हात. उजवी पाकळी तुम्ही टेकवता, नेहमीसारखी, दोन बोटांच्या टोकांनी. मग डावी. डावी टेकवताना तुमचा हात तिथे जरा थांबतो. तुमची पाठ मध्ये आहे, मला पुरतं दिसत नाही, पण कोपर हलतो तो मला दिसतो, आणि मला वाटतं, मला वाटतं हां, की तुमचा अंगठा त्या पाकळीवरून फिरला. मग तुम्ही बाजूला होता. हात जोडून उभे राहता. मी आयुष्यात रंग चढायची वाट बघत शेकडो नळ्यांसमोर उभी राहिले, पण तशी कधी उभी राहिले नाही. आईचे ओठ हलत होते. तुमच्या पायाखाली पट्टी ओली झाली होती, फरशीवर डाग होता, तो तिघांनाही दिसत होता आणि तिघांपैकी कोणी तिकडे बघत नव्हतं. मग उजवी पडली.

 पाकळी उचलून माझ्या ओंजळीत दिलीत, सगळ्यांना देता तशी. दुसऱ्या दिवशी पूजा आटोपून, धुतलेला सदरा घालून, तुम्ही माझ्याबरोबर एसटीत बसलात. खिडकीशेजारची जागा मला दिलीत. दवाखान्यात खुर्चीवर बसल्यावर विचारलंत, "खंयचो हात फुडे करू?" म्हटलं, कुठलाही. तुम्ही विचार केलात आणि म्हणालात, "डाव्यातला काढ. उजवो देवाचो." मी शेकड्यांनी माणसांना टोचलं होतं, तुमची शीर मात्र मला पहिल्यांदा सापडली नाही. तुम्ही वळून भिंतीकडे बघत होतात, हूं की चूं केलं नाहीत. मग नळी उकळत ठेवली. रंग इतका गडद आला की काटा बघायची गरजच नव्हती, तरी बघितला. त्या दिवशी विजेचा खेळ चालला होता, दिवा मोठा होई, लहान होई, आणि काटा थरथरत होता. तुम्ही मागे येऊन उभे राहिलात. "ह्यो काटो हलता कित्याक?" म्हटलं, "करंट कमी-जास्ती जाता म्हणान." तुम्ही म्हणालात, "म्हणजे तुज्या देवाचा पण काय खरा नाय." मी हसले आणि हसताहसता रडायला लागले. तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवलात, तो डावा, बोळा अजून कोपरात दाबून धरलेला. वीज स्थिर झाल्यावर मी परत तपासलं, आणि परत. आकडा कमी होईना.

गोव्याला नेलं. बोट गेलं, पण पाय राहिला, आणि तुम्ही राहिलात. आईने सुई द्यायला शिकून घेतली. इन्सुलिनची बाटली पाण्यात ठेवलेल्या मातीच्या मडक्यात, वर ओलं फडकं, कारण फ्रिज अख्ख्या वाडीत कोणाकडे नव्हता. तुम्ही त्यावरही चौकशा केल्यात, ते डुकराचं असतं की गाईचं म्हणून. मी म्हटलं, विचारू नका, घ्या. तुम्ही विचारलं नाहीत, घेतलंत. माझं लग्न बघितलंत, माझा मुलगा मांडीवर घेतलात, त्याला नगारा वाजवायला शिकवलंत. हे सगळं त्या एका उजव्या कौलाने दिलं.

आणि पूजा गेली. अंग तुटलेल्या माणसाने गाभाऱ्यात जायचं नाही, हे तुम्हाला कोणी सांगायला आलं नाही. तुम्ही गोव्याहून आलात त्याच दिवशी काकांच्या मुलाला बोलावून किल्ली दिलीत. मला वाटलं होतं, एक बोट, ते काय कोणी मोजायला येणार आहे? तुम्हाला तसं म्हटलंही. तुम्ही माझ्याकडे असं बघितलंत की मी परत तो विषय काढला नाही. त्यानंतर तुम्ही सभामंडपात बसायचात, उंबऱ्याच्या अलीकडे, हार गुंफत. वीतभर अंतर होतं मध्ये. तुमची जागा आणि देव यांच्यात एक उंबरा. मी माहेरी आले की तुम्हाला तिथे बसलेलं बघायचे. तुम्ही जिवंत आहात म्हणून मी देवाला हात जोडायचे, आणि तुम्ही बाहेर आहात म्हणून मला देवाकडे बघवत नसे.

मग ती दुपार आली. मी सभामंडपाच्या पायरीवर तांदूळ निवडत होते. काकांचा मुलगा कोणासाठी तरी कौल लावत होता आणि तुम्ही बाहेरून त्याला शिकवत होतात. एकदम तुमचा आवाज चढला. "अंगठो लावू नको रे. बोटाच्या टोकान चिकटय. अंगठ्यान दाबलेली पाकळी पडणा नाय." माझे हात थांबले. तुम्हाला माहीत होतं. अर्थात माहीत होतं, उभा जन्म तेच केलंत. पण मग त्या सोमवारी? मी सुपातून वर बघितलं तर तुम्ही माझ्याकडेच बघत होतात. की मला तसं वाटलं? संध्याकाळी मी तुमच्याजवळ येऊन बसले, म्हटलं, बाबा, एक विचारू? तुम्ही सुतळी दातात धरून गाठ मारत होतात. गाठ मारून झाली, आणि म्हणालात, "देवाक इचारल्यार देव सांगता. माका कित्याक इचारतंस?" आणि हार उचलून उंबऱ्याशी ठेवायला गेलात. लंगडत. मी मागून बघत बसले.

तुम्ही गेल्यावर मी काय केलं सांगू? हसाल. माझ्या सासरी मागीलदारी कपडे धुवायचा काळा दगड होता ना, त्यावर मी पाकळ्या लावायला लागले. बोटाच्या टोकाने लावून बघितल्या, अंगठ्याने दाबून बघितल्या, पाणी जास्त, पाणी कमी. लॅबमध्ये करतात तसं, एक-एक गोष्ट बदलून. दाबलेली बहुतेक वेळा राहते. बहुतेक वेळा. कधी दाबलेलीच आधी पडते, आणि मला माझाच राग येतो. शेवटी सासूबाईंनी बघितलं आणि विचारलं, हे काय चाललंय, तेव्हा बंद केलं.

कारण प्रश्न तिथे संपतच नाही. तुम्ही अंगठा लावलात असं धरलं, तर मग आधीचा डावा? तो तुम्ही खरंच लावला होतात, की पेज जेवताना मला नुसतं सांगितलंत? कोल्हापूरचा उजवा कोणाचा? तुमच्या शब्दावर ऑपरेशनला गेलेली, न गेलेली माणसं, त्यांचं काय? समईला हात न लावणारा माणूस असं करेल? आणि तुम्ही अंगठा लावलाच नाहीत असं धरलं, तर देवाने स्वतःच्या तोंडाने हो म्हणून तुम्हाला गाभाऱ्याबाहेर काढलं. इतक्या वर्षांच्या सेवेनंतर. मला ते सोसत नाही, बाबा. दोन्हीकडून सोसत नाही. या बिल्ल्याचं बरं आहे, त्याला कोणी चिकटवलं, कसं चिकटवलं, काही फरक पडत नाही, आकडा तो आकडाच. तुमचा कौल तसा नव्हता. त्यात तुमचा हात होता, आणि तो हात कुठे संपला ते मला कळलेलं नाही.

मुलाला ही गोष्ट मी लहानपणापासून सांगत आले. आजोबांना देवाने वाचवलं, उजवा कौल दिला, म्हणून मी त्यांना दवाखान्यात नेऊ शकले. सुनेलाही तशीच सांगितली. डॉक्टरांना तशीच, काकांच्या मुलालाही तशीच. अंगठ्याचं कोणालाच सांगितलेलं नाही. तुमच्या नावाला बट्टा लागेल म्हणून, असं मी स्वतःला सांगते.

आत्ता आकडा खाली आलाय. पुण्याहून शाबासकी आली. हे कागद मी कुठे पाठवणार? देवळात नेऊन तुमच्या जागेवर बसून वाचावे असं सकाळी मनात आलं होतं, चप्पलसुद्धा घातली. मग काढून ठेवली. तिथे देव ऐकेल, आणि त्याने हे ऐकायला नको आहे मला. इतकी वर्षं दर सोमवारी मी त्याच्यापुढे त्या उजव्या कौलासाठी हात जोडते, आणि दर वेळी मनात म्हणते, तो त्याचा नसू दे. तो तुमचा असू दे. ज्या माणसाने उभ्या जन्मात एकाही पाकळीला अंगठा लावला नाही, त्याने एकदा लावला, आणि तो माझ्यासाठी.